काकांच्या खिशाचा तंबू

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. तुम्ही मला पाहिले असेल. तळ्याकाठी उभा, दहा रंगांच्या तुकड्यांचा, दारात कंदील, आणि आत भिंतीला शिवलेला एक निळा खिसा. प्रत्यक्ष नाही, फोनवर पाहिले असेल. सुट्टीत कुठे राहायचे हे तुमच्या घरी ठरत होते, तेव्हा आई बोटाने फोटो सरकवता सरकवता थांबली असेल आणि म्हणाली असेल, "अय्या, हा बघा किती गोड आहे!"

मी गोड नाही. ते आधीच सांगून टाकतो.

जागा भाड्याने देण्याच्या त्या अ‍ॅपवर एक अर्ज भरावा लागतो. माझा अर्ज मला शिवणाऱ्या काकूच्या पुतण्याने भरला. रकाने तेच ठेवतो. उत्तरे आता मी देतो.

जागेचा प्रकार

पुतण्याने लिहिले: तंबू. संपूर्ण जागा पाहुण्यांसाठी.

मी घर आहे. म्हणजे होतो.

काकू ट्रकच्या ताडपत्र्या शिवायची. काकांनी तळ्याकाठचा माळ घेतला आणि तिला म्हणाले, "लोकांना उघड्यावर झोपायची हौस असते, पण उघड्यावर झोपायचं मात्र नसतं. त्यांच्यासाठी मधलं काहीतरी शिव." काकूने पांढऱ्या जाड कापडाचा अख्खा तागा संपवून नऊ तंबू शिवले. ते पाहुण्यांचे. मग नऊ तंबूंची कात्रणे, ताडपत्र्यांची टोके आणि एका बंद पडलेल्या दुकानाचे पट्ट्यापट्ट्यांचे छत, असे सगळे जोडून तिने दहावा शिवला. तो मी.

"याला बघून पाहुणे पळतील," काका म्हणाले.

"पळू देत. यात आपण राहायचंय."

माझे तणावे पहिल्यांदा ताणले तेव्हा मी एका बाजूला कललो. काकांनी खुंटी उपटून वीतभर अलीकडे ठोकली. त्या दिवसापासून मी सरळ आहे, आणि आतली माणसे वाकून चालतात.

खाटा

दोन. एक सात वर्षे रिकामी.

खास वैशिष्ट्य

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटे तरुणपणी यंत्रात अर्धी गेली होती. बाजारच्या सदऱ्याच्या खिशात तळाला गेलेली वस्तू त्यांना निघायची नाही. म्हणून काकू त्यांचे खिसे उथळ शिवायची, जेमतेम तीन बोटे खोल. पेन त्यातून अर्धे बाहेर डोकवायचे आणि गळायचे. त्यांच्या निळ्या सदऱ्याच्या खिशाखाली शाईचा डाग होता, चिंचोक्याएवढा.

काका गेले त्या हिवाळ्यात वाऱ्याने एक फांदी माझ्यावर पडली. काकूच्या खाटेजवळची भिंत फाटली. तिने बाहेरून मेण लावलेली ताडपत्री जोडली, आणि आतून काकांच्या सदऱ्याचा पुढचा भाग, खिशासकट, डागासकट. शेवटचा टाका घातल्यावर तिने चष्मा काढला आणि त्या खिशात ठेवला. तो अर्धा बाहेर राहिला. डोळे मिटून हात लांब केला तरी सापडेल असा.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच. त्यानंतर पाहुण्यांनी केलेले मी धरत नाही.

जागेबद्दल थोडक्यात

पुतण्याने लिहिले: "या तंबूच्या भिंतीत एक प्रेमकथा शिवलेली आहे. काकूंनी आपल्या दिवंगत पतीच्या सदऱ्याचा खिसा इथे जपून ठेवला आहे. तुमच्या मनातली गोष्ट चिठ्ठीवर लिहा आणि काकांच्या खिशात टाका."

हे त्याला कोठून कळले? काकूनेच सांगितले होते. एकदा चहा पिताना त्याने विचारले, "काकू, हा खिसा असा मधेच का गं?" तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते, ते त्याला सांगितले. घरचा पोरगा, लहानपणी तिच्याच हातून जेवलेला. ऐकताना त्याचे डोळे खरेच भरले होते. मी पाहिले आहे. त्याला वाईट वाटले नव्हते असे मी म्हणणार नाही. आधी वाईट वाटले, मग कल्पना सुचली.

त्याचीही बाजू सांगतो. वहीत नाव लिहून येणारे पाहुणे थांबले होते. शाळांच्या सहली थांबल्या होत्या. नऊ पांढरे तंबू त्याने अ‍ॅपवर टाकले, पण तिथे पांढरे तंबू पोत्याने पडलेले आहेत. महिनाभर कोणी ढुंकून पाहिले नाही.

"काकू, तुझा तंबू जरा रिकामा कर ना. फक्त फोटोपुरता."

फोटोपुरता रिकामा केला. मग एका शनिवार-रविवारपुरता. मग "काकू, हे एवढं एक कुटुंब, लांबून येतायत बिचारे." काकूची खाट गाद्यांच्या खोलीत गेली. तंबूंच्या जादा गाद्या छतापर्यंत रचलेल्या, खिडकी नाही, फिनेलचा वास. तिची ट्रंक गेली. शिवणाचे मशीनही गेले असते, पण मशीन फोटोत छान दिसत होते. ते राहिले. त्यावर कोरडी फुले ठेवली.

इथे कोणी राहते का?

पुतण्याने लिहिले: नाही.

यजमानाची ओळख

माळाचा परवाना काकूच्या नावावर, म्हणून खातेही काकूच्या नावावर. फोटो तिचा. तो काढताना पुतण्या म्हणाला, "जरा हस ना."

"कशाला?"

"पाहुण्यांना बरं वाटतं."

"मग त्यांना हसायला सांग."

तिने तोंड वाकडे केले, ते त्याने टिपले. अ‍ॅपवर ते हसण्यासारखे दिसते.

पाहुण्यांशी संवाद

एक शिक्षिका आली. एकटीच, पाठीला पिशवी, बोलायला मऊ. काकू माझ्यात केरसुणी फिरवत होती. शिक्षिकेने वाकून तिच्या पायांना हात लावला. काकू दचकून दोन पावले मागे सरली.

"काकू, तुमचे मेसेज वाचून मी रडले हो."

"माझे?"

"तुम्ही लिहिलंत ना, 'ये बाळा, हा तंबू तुझाच आहे.' कोणी असं लिहितं का हल्ली!"

"वाच बघू," काकू म्हणाली.

"अहो, तुम्हीच तर..."

"चष्मा नाही माझ्याकडे. वाच."

शिक्षिका खाटेच्या कडेला बसून वाचू लागली. काकू केरसुणी धरून उभी. "'त्यांची बोटं अर्धी होती. म्हणून मी खिसा उथळ शिवायची. आता त्या खिशात माझा चष्मा ठेवते, म्हणजे सकाळी पहिला हात त्यांच्याच हातात जातो.'" शिक्षिकेने मान वर केली. "काय लिहिता हो तुम्ही!"

"पुढे आहे?"

"आहे. 'चेक-इन दोन वाजता. ओले टॉवेल खाटेवर टाकू नयेत.'"

काकूने मान हलवली. "नीट लिहितो," ती म्हणाली.

"कोण?"

"पुतण्या माझा."

शिक्षिकेला मग सगळे उमगले. तिने खाटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, दारातून गाद्यांच्या खोलीकडे पाहिले. "म्हणजे तुम्ही... तिथे?" तिने विचारले. काकू पुन्हा केर काढू लागली. शिक्षिका "अरेरे" म्हणाली. दोनदा म्हणाली.

आणि ती राहिली. दोन दिवस, त्याच खाटेवर. जाताना पाच तारे देऊन गेली.

रद्द करण्याचे नियम

"दहाव्या तंबूच्या तारखा बंद कर," काकू पुतण्याला म्हणाली. तो माझ्या दारात बसून फोन पुसत होता.

"बंद केल्या तर खाली जातो आपण, काकू."

"कुठे खाली?"

"यादीत."

"मी आहेच खाली. गाद्यांच्या खाली. मला काय फरक पडतो?"

"अगं, घेतलेली बुकिंगं रद्द केली तर दहाच्या दहा तंबूंवर शिक्षा होते. खातंच बंद करतात. नऊ तंबू तुझ्या या एका खिशावर चालतात. लोक खिसा बघून येतात, आणि तो मिळाला नाही तर पांढऱ्यात राहतात."

"माझ्या खिशावर?"

"म्हणजे काकांच्या."

"त्याची गोष्ट तुझ्या तोंडात मी घातली, तिथंच माझं चुकलं."

पुतण्याने फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "हंगाम संपू दे. शेवटचं बुकिंग गेलं की चार महिने बंद ठेवतो. तुझं घर तुला. शब्द देतो."

"आणि तोवर चिठ्ठ्या कोण काढणार? भरतो तो."

हे मात्र खरे होते. खिसा उथळ. चार चिठ्ठ्यांत भरायचा. 'परीक्षेत पास होऊ दे.' 'तिचे माझ्यावर प्रेम बसू दे.' 'नवीन गाडी.' पाहुणे गेल्यावर काकू काकांचा खिसा रिकामा करायची आणि केरासोबत टाकायची.

फोटो

एका सकाळी पाहुणे यायच्या आधी काकू कात्री घेऊन आली. तिने एकेक टाका कापला, दोरा ओढून काढला. कापडाला धक्का लागू दिला नाही, ना सदऱ्याच्या, ना माझ्या. खिसा घडी करून पदराखाली धरून ती निघून गेली. माझ्या भिंतीवर गडद चौकोन उरला आणि त्याच्या चारी बाजूंना सुईची भोके.

दुपारी आलेले नवरा-बायको दारातच थांबले. "खिसा कुठाय? फोटोत आहे." तक्रार गेली. फोटो आणि जागा जुळत नाहीत, म्हणून अ‍ॅपवाल्यांची ताकीद आली. काकूच्या नावाने आली, पण वाचली पुतण्याने.

तो काकूला काही म्हणाला नाही. तिच्याकडे खिसा मागितलाही नाही. एवढी लाज त्याला होती. तो बाजारात गेला आणि एक निळा सदरा घेऊन आला. आठ वेळा धुतला, उन्हात टाकला, विटवला. फोटो मोठा करून डागाची जागा मापली आणि ड्रॉपरने शाई टाकली, चिंचोक्याएवढी. मग शिंप्याला बोलावले. शिंपी जाड सुईने जुन्या भोकांच्या मधून मधून शिवत गेला.

मित्रांनो, मला दुखले म्हणून सांगत नाही. कापडाला दुखत नाही. पण खोटे अंगावर शिवताना ते कळते.

पाहुण्यांचे अभिप्राय

"खिशाला हात लावला आणि अंगावर काटा आला. काका इथेच आहेत असं वाटलं." पाच तारे.

"शाईचा डाग पाहून माझ्या मिस्टरांच्या डोळ्यांत पाणी." पाच तारे.

"मुंग्या आहेत." चार तारे.

त्या मुंग्यांवाल्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्याने जे होते तेवढेच पाहिले.

उपलब्ध तारखा

पुतण्याने शब्द पाळला. हंगामातले शेवटचे कुटुंब गेले त्याच दुपारी त्याने माझे चार महिने बंद केले. "काकू, घे तुझं घर," म्हणत ट्रंक स्वतः उचलून आणली. मशीनवरची फुले काढली. काकूने खाटेवर चादर घातली, दोनदा झटकून पुन्हा घातली. बसली. कित्येक महिन्यांनी बसली. माझे खांब करकरले, ते तिला ऐकू आले असावे; तिने खांबावर हात ठेवला.

मग तिने चष्मा काढला आणि न बघता भिंतीकडे हात नेला.

चष्मा खिशात पडला आणि दिसेनासा झाला. तिने हात घातला, मनगटापर्यंत.

"एवढा खोल कशाला केलास?"

"बाजारचा आहे, काकू. असेच येतात."

फोटोत खिशाची रुंदी दिसते. खोल किती आहे ते दिसत नाही.

काकू उठली, ट्रंकेतून खरा खिसा काढला, आणि बाजारचा उसवला. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. खरा तुकडा जागेवर धरला, सुई ओवली, पहिला टाका घातला आणि दोरा ओढला. टाका कापडातून सरळ बाहेर आला. तिने बोटभर बाजूला घातला. तोही आला. तिसऱ्या वेळी भोकाला भोक मिळाले आणि मी वरपासून खालपर्यंत टरकन फाटलो. दोनदा शिवून दोनदा उसवलेले कापड मी. माझ्यात टाका धरत नव्हता. या बाईने मला कात्रणांतून उभे केले, आणि तिने पहिल्यांदा काही मागितले तेव्हा मला ते जमले नाही.

पुतण्या पुढे झाला. "थांब, गमने चिकटवू. हल्ली असा गम मिळतो ना..."

"नको."

तिने खिसा घडी केला, ट्रंकेत ठेवला, झाकण लावले. एक कडी धरली. "तिकडून धर."

"कुठे न्यायची?"

"गाद्यांच्या खोलीत."

"अगं पण काकू, तुझ्यासाठी तारखा बंद केल्यात मी! चार महिने!"

"मग उघड."

त्याने दुसरी कडी धरली. मग त्याने ट्रंक उचलली. संध्याकाळी येऊन त्याने माझी फाट आणि बाजारचा खिसा, दोन्ही गमने चिकटवले आणि फोनवर तारखा उघडल्या. काळोख पडायच्या आत पहिली तारीख गेली.

आणखी काही सांगायचे आहे का?

पुतण्याने हा रकाना कोरा सोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. मला धुऊ नका, मेण लावू नका, जपू नका. मी आता त्यापलीकडे गेलो आहे. पण सुट्टीत तुम्हाला कोणाच्या घरात राहायला नेले, तर आत पाय टाकण्याआधी मोठ्याने विचारा, "इथे राहणारं माणूस कुठे आहे?" मोठी माणसे तुम्हाला गप्प करतील. पुन्हा विचारा. आणि ते माणूस बाजूच्या खोलीत गाद्यांमध्ये झोपते असे कळले, तर नुसते "अरेरे" म्हणू नका. पिशवी उचला आणि परत फिरा.

आजवर कोणी फिरलेले नाही.