गुलाबी पोटाचा रणगाडा

मित्रांनो, आतून गुलाबी असलेला रणगाडा तुम्ही कधी पाहिला नसेल. तो मी. रिमोटवर चालणारा, प्लास्टिकचा, आता जुना आणि वाकडा. माझा घुमट आणि तोफ काढून ठेवली आहे. फळीवर उरले आहे ते फक्त माझे धड. तुम्हाला हसू येईल, मला ठाऊक आहे. पण त्या गुलाबी रंगापायी एका घरातल्या साऱ्या संध्याकाळी गेल्या.

कारखान्यात तापलेले प्लास्टिक साच्यात शिरले आणि मी जन्मलो. अंगावर खोटे नटबोल्ट, खोटा गंज, चाकांवर खोटा चिखल. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, अस्सल लोखंड! प्रत्यक्षात बोटाने दाबले तरी माझी कूस आत जायची. सगळा वरवरचा बडेजाव.

मला विकत घेतले ते एका निवृत्त बस ड्रायव्हरने. त्याच्या घरात तिघे राहत. तो स्वतः, त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी. थोरल्याला सगळे दादा म्हणत. दादा कवळ्या बनवायचा. घरातल्याच एका खोलीत त्याचे टेबल होते, आणि तिथे ओळीने हसणारे दात मांडलेले असत. ड्रायव्हरने लग्न केले नव्हते. वहिनी म्हणायची, "यांचा संसार गिअरशीच झाला."

संध्याकाळी आम्ही अंगणात असायचो. दादा वाटेत विटा आणि फळ्या मांडायचा, ड्रायव्हर मला त्यावरून अलगद न्यायचा. दादा त्याची टर उडवायचा, "बस चालवायचास तेव्हा माणसं सीटवरून उडायची. खेळण्याला मात्र फुलासारखं जपतोस!" ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मला ते कळले नाही.

मग ड्रायव्हरला झटका आला. त्याची उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, आणि तो बिछान्याला खिळला. डावा हात तेवढा शाबूत राहिला. रिमोट त्या हाताशीच असायचा. मी त्याच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायचो. खोली आणि अंगण यांच्या मध्ये दगडी उंबरठा होता. तो काही माझ्याने चढवेना. माझे प्लास्टिकचे पट्टे नुसतेच घसरायचे.

एकदा ड्रायव्हर अडखळत म्हणाला, "दादा... अंगण."

दादाने ते मनावर घेतले. "तू नाही तर तुझा रणगाडा जाईल," तो म्हणाला. "दाराबाहेर काढून दाखवतो की नाही बघ!"

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मला घेऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसू लागला. माझ्या कुशीला बारीक भोके पाडली, कडा घासल्या, आत लोखंडी गिअर बसवले, चाकांवर लोखंडी पट्टे चढवले. काम करताना त्याचे तोंड सतत चालू असायचे. कोणाची कवळी जेवताना ताटात पडली, कोण दुसऱ्याचीच कवळी घालून गेला. ड्रायव्हर अर्ध्या तोंडाने हसायचा. त्याची नजर माझ्यावर फारशी नसायचीच, ती दादावर असायची.

पण लोखंड पेलायला अंगात लोखंडच लागते. त्या वजनाने माझ्या कुशी फाकू लागल्या. सामान विकणाऱ्या दुकानदाराने सांगितले होते, "आत आडवी पत्र्याची पट्टी टाका आणि स्क्रूनं कसा."

दादाला ते पटले नाही. "पत्रा कशाला? माझ्याकडे याहून भारी माल आहे," असे म्हणत त्याने कवळ्यांच्या हिरड्यांसाठी असलेली गुलाबी पूड काढली. तिच्यात उग्र वासाचे पाणी कालवले, आणि तो लगदा माझ्या पोटात काठोकाठ भरला. वहिनीने डोकावून पाहिले. "अहो, हा चालणार आहे की चावणार आहे?" त्या संध्याकाळी तिघेही पोट धरून हसले.

मित्रांनो, दादाचा हात कामात तरबेज होता, पण त्याने आयुष्यभर तो लगदा भरला तो प्लास्टरच्या साच्यात. घट्ट होताना लगदा तापतो. प्लास्टरला त्याचे काही नसते. मी होतो प्लास्टिकचा. ते पाणी माझ्या अंगात मुरले, वरून आतला ताप चढला, आणि मी उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखा वाकलो. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे होते? दात बनवणाऱ्याच्या घरात राहूनही नव्हते.

लगदा दगडासारखा घट्ट झाल्यावर दादाने मला जमिनीवर ठेवले. ड्रायव्हरने रिमोटची दांडी पुढे ढकलली. मी डावीकडे वळलो आणि पलंगाच्या पायावर आदळलो. पट्टा निसटला. दादाने तो बसवला. मी पुन्हा डावीकडे. दादाने घासले, ठोकले, दामटले. शेवटी कसाबसा उंबरठ्याशी पोचलो, निम्मा चढलो. अंगण मला दिसले. तेवढ्यात माझी कूस कडकन तडकली आणि मी मागे कोसळलो.

"राहू दे... दादा," ड्रायव्हर म्हणाला.

दादाला वाटले, भाऊ आपल्यावर नाराज झाला. पण मी जमिनीवर पडल्या पडल्या पाहिले होते. ड्रायव्हर डाव्या हाताने स्टुलावर थोपटत होता. त्याला म्हणायचे होते, राहू दे ते, तू बस. दादाने वळून पाहिलेच नाही. त्याने मला उचलले आणि मान खाली घालून तो आपल्या कामाच्या खोलीत निघून गेला.

त्यानंतर त्याने भावाच्या खोलीत पाऊल टाकले नाही. मला फळीवर ठेवताना त्याने माझे बटण बंद केले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मोटरी एकदम घरघरल्या. भिंतीपलीकडून ड्रायव्हर रिमोटची दांडी ढकलत होता. दादा टेबलाशी बसला होता. त्याने वर पाहिले आणि पुन्हा हातातली कवळी घासू लागला.

वहिनी दारात येऊन म्हणाली, "अहो, ते वाट बघतायत."

"कोणत्या तोंडानं जाऊ? नवं धड मागवलंय. ते आलं की घेऊनच जातो."

"त्यांना धड नकोय हो. तुम्ही जा नुसते."

"जातो म्हटलं ना!"

तो गेला नाही. पुढच्या संध्याकाळी मी जमेल तेवढ्या जोरात घरघरलो. मला वाटले, आता तरी हा उठेल. मग माझी बॅटरी उतरत गेली, आणि एका संध्याकाळी माझ्यातून आवाजच निघाला नाही. भिंतीपलीकडे दांडीची कटकट मात्र चालूच होती. मी मुका झालो हे ड्रायव्हरला कसे कळावे? तो बिचारा बोलावतच राहिला.

मग ती कटकटही थांबली. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली, तेव्हा ड्रायव्हर गेलेला होता. रिमोट त्याच्या हातातच होता.

नवे धड त्यानंतर आले. त्याचा खोका माझ्या शेजारी आहे, कोणी उघडला नाही. ते बिचारे धड आत कसे असेल, लोखंडाचे की मी आधी होतो तसे पोकळ, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आता काही व्हायचे राहिलेले नाही. वस्तू बिघडली तर खुशाल बिघडू द्या. पण तुमच्या हातून ती बिघडली, म्हणून ज्याच्यासाठी ती केली त्याच्याकडे जायचे थांबू नका. रिकाम्या हातांनी जा. पडलेल्या तोंडाने जा. पण जा.

दादा आता रोज संध्याकाळी त्या खोलीत जातो. स्टुलावर बसतो. समोर पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली असते.