एका डहाळीची दोन फुलं

"हात नका लावू भाऊ, राजानं फूल शे ते."

गढीची राखण करणाऱ्या झुंबरबाईचा आवाज पंचवीस वर्षांनीही कानात आहे. राजाचं फूल म्हटल्यावर मी हात काढला, पण अक्कल चालवायचं थांबवलं नाही. धुळ्याकडच्या त्या चिमुकल्या संस्थानाच्या गढीच्या दरवाजावर एका डहाळीची दोन फुलं रंगवली होती, वरचं फिकट पिवळं, खालचं गुलाबी. तेच त्यांचं राजचिन्ह. मी तेव्हा कॉलेजात, ओव्या गोळा करत हिंडणारा. रंग दिसला की मला अर्थ सुचायचा. पिवळं म्हणजे सोनचाफा, राजाचं वैभव. गुलाबी म्हणजे कमळ, राणीची माया. चाफा आणि कमळ एकाच डहाळीला कसे लागले, हे मात्र सुचलं नाही. ओवी तेवढी सुचली:

पिवळ्या फुलामधी राजा माझा सोनियाचा
गुलाबी फुलामधी जीव राणीच्या मायेचा

पुढे जळगावात मराठीचा मास्तर झालो आणि या रंगांवर व्याख्यानं देत सुटलो. नशिराबाद, पाचोरा, रावेर. कोणी बोलावलं नाही तर मीच पत्र टाकायचो. बायको प्रमिला पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसायची. तिला गहिवर येतो, असं मी लोकांना सांगायचो.

अठ्ठ्याऐंशी साली त्या व्याख्यानांचं पुस्तक निघायचं ठरलं. शेवटची प्रुफं सकाळी छापखान्यात परत द्यायची होती. एकदा छापलं की जन्माचं. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, हा अर्थ माझ्या पत्नीने लग्नाआधीच ऐकला आणि शेतकऱ्याची लेक या नात्याने मान्यही केला.

ती भाकरी थापत होती, तेव्हा हे मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. यातून मला काढून टाका, म्हणाली, माहेरी भाऊ वाचतील. मला वाटलं, विनय. आणखी एखादं विशेषण वाढवू का, असं मी विचारलं.

तिने पिठाचे हात परातीत झटकले.

"अहो, ते कपाशीचं फूल शे. दोन्ही एकच. आज उमललं ते पिवळं, काल उमललं ते गुलाबी. आमचं बठ्ठं रान, सगळंच्या सगळं, तसंच दिसतं."

एकशे बारा पानं होती. मी पहिल्यापासून काट मारायला घेतली. चौथ्या पानावर विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक?

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हापासून. आधी आलेले सगळे मलाच प्रश्न विचारून गेले. तुम्ही एकही विचारला नाही, तासभर इतकं मन लावून चुकत राहिलात. वाटलं, खरं सांगितलं तर हा माणूस उठून जाईल."