माझ्या कण्हण्याचे कारण

दोन लोखंडी हात, अकरा सुळे, चार चाके, एक आसन आणि तेलाचा दाब दाखवणारा एक काटा. मित्रांनो, एवढाच माझा पसारा. मी एक जुना लोडर आहे. वाळलेल्या गवताचे गठ्ठे उचलून त्यांची गंजी रचणे हे माझे काम. कारखान्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो. आता तो रंग शोधावा लागतो. सतरा वर्षे मला ताईच चालवते. पूर्वी तिने रचलेले सरळसोट थर पाहायला लोक मुद्दाम येत.

यंदा मात्र मी कण्हू लागलो. एरवी गठ्ठा उचलताना काटा नव्वदवर जाई. आता तो एकशे दहावर जाऊ लागला. शेताचा मालक म्हणजे ताईचा थोरला भाऊ. आभाळ भरून आले होते, त्यामुळे त्याला घाई.

"तुझं म्हातारं परत रडायला लागलं बघ!" तो ओरडला. "एवढी गंजी होऊ दे, मग भंगारात काढू."

"पंप गेला असेल," ताई ओशाळून म्हणाली. माझा तेलाचा पंप धडधाकट होता, पण सांगणार कसे?

गंजी रचायला घेतल्याच्या पाचव्या दिवशी भंगारवाला मला बघून गेला. ताईला राहवेना. तिने माझ्याकडून गेल्या वर्षीचा एक कोरडा गठ्ठा उचलवला. काटा नव्वदवर थांबला. ती टुणकन खाली उतरली.

"दादा, हा नाही थकला. गठ्ठेच जड होते! आत ओल आहे."

"काहीतरीच! हात लावून बघ, खडखडीत आहेत."

"वरून रे! आतलं कोण बघणार?"

ओले गवत दाबून रचले की आतून तापत जाते आणि कधीकधी आपोआप पेटते. गंजीला लागूनच गोठा होता, गोठ्यात सव्वीस गाई. ताईने लांब सळईची तापमापी गंजीत खुपसली. अठ्ठावन्न अंश.

दादाचा चेहरा उतरला. "उपस. सगळी उपस."

तो पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. मी एकेक गठ्ठा ओढून लांब, सुटासुटा ठेवला. कण्हत होतोच, पण आता कोणी ओरडले नाही. काम आटोपल्यावर दादाने स्वतः माझ्या सांध्यांना ग्रीस लावले.

"मग, भंगारवाल्याला काय सांगू?" ताईने विचारले.

"गप गं. डबा धर नीट."

मित्रांनो, जुने यंत्र कण्हू लागले, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याने काय उचलले आहे ते बघा.

गठ्ठे सोडून गवत उन्हात वाळवले, पुन्हा बांधले आणि आम्ही नवी गंजी रचली. त्यानंतर सहाव्या दिवशी ताईने मधल्या थरात सळई खुपसली. तेहतीस अंश.