दोन बोटं डावीकडे

मित्रांनो, मी व्यायामाला उचलायचा एक जुना बारबेल आहे. पण दुकानातला चकचकीत नव्हे हं! रंगाचे दोन डबे, त्यांत ठासलेलं सिमेंट आणि मधे पाण्याचा लोखंडी पाइप, एवढाच माझा देह. मला घडवलं एका रंगाऱ्यानं, गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये, आपल्या लेकीसाठी. तिला अग्निशमन दलात भरती व्हायचं होतं आणि व्यायामशाळा फार लांब होती.

सिमेंट वाळलं. लेकीनं मला उचललं आणि मी धाडकन डावीकडे कललो. रंगाऱ्यानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! उजव्या डब्याच्या तळाशी जुना रंग वाळला होता. तो खरवडायचाच राहिला, म्हणून त्यात सिमेंट कमी मावलं!" जन्मभर लोकांच्या भिंती खरवडल्या आणि नेमका घरचा डबा विसरला. लेक हसून हसून खाली बसली. मग त्यानंच तोड काढली. "दोन्ही हात दोन बोटं डावीकडे धर. आणि आपटू नकोस हं, सिमेंट आहे ते." तेव्हापासून माझं नाव पडलं तिरप्या.

तीन वर्षं ती मला रोज उचलत होती. तिच्या तळहातांनी माझा पाइप गुळगुळीत झाला. भरतीत तिची निवड झाली, तेव्हा धावत येऊन म्हणाली, "शाब्बास, तिरप्या!" ते कौतुक मी अजून जपून ठेवलंय. मग ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली.

रंगाऱ्याचे गुडघे कुरकुरायचे, मला उचलणं काही त्याला जमत नसे. तरी तो संध्याकाळी येऊन बसायचा, उरलेल्या रंगाचा एक हात माझ्यावर मारायचा. "काय रे तिरप्या, आज काही फोन नाही आला तिचा," म्हणायचा. मला बोलता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटायचं. एका हिवाळ्यात तो यायचा थांबला. बाहेर माणसांची ये-जा ऐकू आली, रडणं ऐकू आलं. मला सांगायला मात्र कुणीच आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी अंधारात धूळ खात पडून होतो, मित्रांनो. फार एकटं वाटायचं.

परवा दार उघडलं. गॅरेज भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, म्हणून लेक आणि तिची आई ते रिकामं करायला आल्या होत्या. भंगारवाल्यानं मला पायानं ढकललं. "सिमेंट आहे हो हे! नेऊन काय करू?" घ्या, भंगारातही जागा नाही! मी पार खचलो.

"टाक बाई बाहेर," आई लेकीला म्हणाली.

लेक वाकली. तिनं मला धरलं आणि तिचे हात आपोआप दोन बोटं डावीकडे सरकले. मी सरळ वर गेलो. ती तशीच उभी राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि मला इतक्या हळू खाली ठेवलं की आवाजसुद्धा झाला नाही.

"नको, आई. हा माझ्याबरोबर येईल."

"अगं, तुमच्या दलात चांगली वजनं असतील की!"

"आहेत ना," डोळे पुसत ती म्हणाली. "पण ती कुणीही उचलतं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी हातानं केलेली एखादी तिरपी वस्तू असेल. टाकायची तर टाका. पण आधी एकदा ती हातात घ्या, करणाऱ्यानं धरायला शिकवली होती तशी.