सावत्र दार

“ओरखड्यावरून आधी नख फिरवून बघायचं. नख सरकलं तर पॉलिशवर भागतं, अडलं तर रंग हवा. आणि रंग कधी बाटलीच्या झाकणावरून ठरवायचा नाही.”

गाड्या रंगवण्यात हयात घालवलेल्या वडिलांचं हे बोलणं धाकटीच्या अंगात इतकं मुरलं होतं, की गाडीच्या मागच्या दारावर ओरखडा दिसताच तिचं बोट आपोआप पुढे झालं. नख अडलं.

गाडी भावजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला धाकटी ही गाडी मागून नेत असे. आज परतताना फाटकाची कडी दाराला घासली. भावजी गाडीला लेकीसारखं जपत. किल्ली देताना त्यांनी हसत हसतच बजावलं होतं, “एक रेघ उठली, की किल्ली माझ्या खिशात.” आणि किल्ली गेली तर आई बसच्या पायऱ्या चढणार कशी?

“हे संध्याकाळी येतील,” ताईचा चेहरा उतरला. “काहीतरी कर गं.”

“सांगायचं तर आहेच. पण रडत सांगण्यापेक्षा काम करून सांगते.”

ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या पट्टीवर रंगाचा नंबर होता. तो दाखवून धाकटीनं दुकानातून राखाडी रंगाची बाटली आणली. दार धुतलं, पुसलं. मग पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक ठिपका देऊन वाळवला आणि उन्हात दाराशेजारी धरला. रंग पिवळट दिसला. तोच पुठ्ठा पुढच्या दाराला लावला, तर रंगात रंग मिसळून गेला. एका गाडीची दारं म्हणजे सख्खी भावंडं. हे मात्र सावत्र निघालं.

“ताई, हे दार कुणीतरी नंतर रंगवलंय.”

ताई कोरडेच हात ओढणीला पुसत राहिली. “मीच. गेल्या वर्षी खांबाला घासली होती. हे परगावी होते. गॅरेजवाला म्हणाला, कुणी ओळखून दाखवावं.”

“ओळखलं की.”

“तू बापाची लेक. हे तर रोज त्याच दारावरून फडकं फिरवतात, अजून पत्ता नाही.”

दोघी हसल्या. धाकटी पुठ्ठा घेऊन पुन्हा दुकानात गेली आणि त्याच नंबरातली थोडी निळसर छटा घेऊन आली. ती दाराला चपखल बसली. खरचटलेली जागा तिनं बारीक पॉलिशपेपरनं हलकेच घासली आणि दातकोरणीच्या टोकानं रंग फक्त रेघेच्या आत भरू लागली. एक थर, वाळवण, मग दुसरा.

“एकदाच जाड लाव ना,” ताईला दम निघेना.

“जाड लावला की गांधीलमाशी चावल्यासारखा फुगतो.”

वरून चकाकीचा थर वाळला, फडकं फिरलं, आणि रेघ कुठे होती ते ताईला सापडेना.

“आता नको ना सांगूस,” ती हळूच म्हणाली. “ते दार निरखत बसतील. माझंही बाहेर येईल.”

“तुझं माझ्या तोंडून निघायचं नाही. पण किल्ली मी मागून घेते ताई. त्यांच्यापासून लपवून पुन्हा कोणत्या तोंडानं मागू?”

ताईनं रंगाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “त्यांचा चहा होऊ दे. मग माझं मी सांगते. शब्द देते.”

भावजी आले. धाकटीनं त्यांना बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. कडी, फाटक, दार, सगळं सांगून टाकलं. ते चष्मा लावून दाराशी वाकले. नख फिरवलं. सरकलं.

“कुठे होता?”

तिनं बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा नख फिरवलं.

“रंगारीणबाई, रेघ उठली की किल्ली खिशात, असं म्हणालो होतो. पण इथे रेघ कुठाय?” त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. “आईंचा व्यायाम चुकवायचा नाही. आणि ते फाटक जरा जास्त उघडत जा.”

ते तिथेच उभे राहून चहा प्यायले. एका हातात कप, दुसऱ्या हातात फडकं. ताईनं रिकामा कप आत नेऊन विसळला, पालथा घातला. ओढणी नीट केली आणि पायऱ्या उतरून गाडीकडे निघाली.