माझ्या अंगावरचे दोन बदाम

मी कॅरमबोर्ड आहे. आजवर लोक माझ्याभोवती बसून बोलत आले; आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझा जन्म सांगलीचा. माझी चौकट शिसवी असून तिचा मला रास्त अभिमान आहे. गुरुनाथकाका आणि अहिल्याकाकू मला चादरीत गुंडाळून अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी घेऊन आले. त्यांची मुले माझ्यावर खेळून मोठी झाली आणि दूर चँडलर शहरी गेली. त्यानंतर मी सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माणसे वस्तू टाकून देत नाहीत, नुसती विसरतात. दोहोंत सुख कशात, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

मला तेथून बाहेर काढले ते स्वानंदीने. ही नागपूरची मुलगी येथे संख्याशास्त्र शिकते आणि काकांच्या तळघरातील खोलीत राहते. शेजारच्या गावातील एका लहान महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला ती बचावाचे डावपेच आखून देते. एका रविवारी ती रडवेली होऊन आली.

"काका, शनिवारची मॅच पण गेली ना, तर पुढच्या सीझनला मला घेणार नाहीत. कोचनं सरळ सांगितलंय."

"अडचण कोणती आहे?" काकांनी विचारले. निवृत्तीनंतर काकांनी या खेळाचे नियमपुस्तक स्वतः वाचून काढले होते आणि ते ही गोष्ट कोणालाही विसरू देत नसत.

"त्यांचा क्वार्टरबॅक! बॉल हातात आला की लगेच फेकतो, यार. आम्ही ब्लिट्झ करतो, एक्स्ट्रा प्लेयर्स त्याच्या अंगावर सोडतो. पण पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो."

"तर आणखी गडी सोडावेत. हल्ला करावयाचा तर पूर्ण ताकदीने करावा."

मला टेबलावर आडवे ठेवून तिने पांढऱ्या सोंगट्यांचा आपला संघ मांडला आणि काळ्यांचा त्यांचा. लाल राणी चेंडू झाली. दोन्हीकडे अकरा गडी हवेत आणि सोंगट्या नऊच. म्हणून काकूंनी काळ्यांना दोन वेलदोडे व पांढऱ्यांना दोन बदाम दिले. पुष्कळ मांडामांड झाली, परंतु राणी प्रत्येक वेळी निसटली.

"पुरे आता, डोकं तापलंय तुझं," काकू म्हणाल्या. "एक डाव खेळ बघू."

काका नेहमीप्रमाणे सर्व जोर लावून टोले मारीत होते. माझ्या चौकटीला ते ठाऊक आहे. काकूंनी मात्र आपली सोंगटी अलगद ढकलून काकांची सोंगटी जाणार होती त्या भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवली. काकांची वाट बंद झाली.

"काकू, तुम्ही त्यांच्या सोंगटीला हातच नाही लावला!"

"कशाला लावू? तिला कुठे जायचंय ते मला ठाऊक आहे. तिथेच जाऊन बसले."

स्वानंदी माझ्यावर वाकली. मग तिने घाईने पुन्हा संघ मांडले. "धावून येणारा प्लेयर जागा रिकामी सोडतो, आणि हा बॉल नेमका त्याच जागेवर फेकतो. सवयच आहे त्याची. समजा हे दोन बदाम नुसते धावल्यासारखं करून मागे सरकले, आणि पलीकडून दुसराच कोणी अंगावर गेला तर?"

"आव आणून मागे फिरावयाचे?" काका गरजले. "हे शूराला शोभत नाही."

"अहो शूरवीर, लग्न झाल्यापासून हरताय माझ्याशी."

शनिवारी काकांनी दूरदर्शन संचासमोर मलाच मेज केले. पूर्वार्धात प्रशिक्षकांनी जुनाच हल्ला चालविला आणि चेंडू तसाच निसटत राहिला. उत्तरार्धात मैदानाच्या कडेवरून आरोळी उठली, "बडाम! बडाम!" त्या धिप्पाड अमेरिकन मुलांना तो शब्द कोणी शिकविला, हे मी ओळखले. बचावातील दोघे पुढे झेपावले आणि झटकन मागे सरले. क्वार्टरबॅकने सवयीने त्याच जागी चेंडू फेकला. तो एका बदामाच्या छातीवर आदळला आणि त्या मुलाने त्याला पोटाशी धरून अंग टाकले.

"बदाम!" काका ओरडून उठले आणि त्यांचा चहा माझ्यावर सांडला. पुढे सामना जिंकल्यावर स्वानंदीचा फोन आला: "काकू, मला ठेवलं!" काकांनी फोन घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "पूर्वार्धात उगाच जोर लावलात."

आता माझा मुक्काम संघाच्या खोलीत आहे. काकांनीच मला स्वानंदीच्या हाती दिले. मुले माझ्याभोवती गर्दी करतात, पिझ्झ्याचे हात मला पुसतात आणि एकमेकांचे बदाम खातात. सर्व जण सोंगट्या बोटांनी सरकवितात. टोला कोणी मारीत नाही, कारण स्ट्रायकर काकांनी ठेवून घेतला आहे. "तुला खेळावयाचे असेल तेव्हा बोर्ड घेऊन येथे यावेस," असे त्यांनी तिला बजावले.

स्वानंदी, हंगाम संपत आला. मला ओल्या फडक्याने पुसू नकोस. तो चहाचा डाग राहू दे. थोडी पावडर घे आणि मला घरी ने. काकूंशी हरण्यासाठी तेथे कोणीतरी स्ट्रायकर खिशात घेऊन बसले आहे.