हट्टी ठोकळ्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. पुढील ओळींत मी माझा जीवनवृत्तान्त, तसेच प्रेमापोटी माझ्यावर ओढवलेला एक प्रसंग, आपणांसमोर सविनय सादर करणार आहे. कृपया शांत चित्ताने वाचावे.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला कापले, पुढे एक आकडी ठोकली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत पोहोचवले. माझे काम एवढेच, की फळीवर बसायचे. आकडीला जोर मोजणारा ताणकाटा अडकवून मुले ओढू लागली की आधी हलायचे नाही आणि मग एकदम हलायचे. म्हणून मुलांनी माझे नाव 'हट्टी' ठेवले.

एका मुलीचे मात्र माझ्याशी जमेना. प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा तसेच घडल्यास शाळा सोडून आत्याच्या शिलाईच्या दुकानात बसायचे, असे घरी ठरले होते.

"बाई, हा हलतच नाही. म्हणजे घर्षण शून्य ना?"

"अगं, शून्य असतं तर दोन न्यूटननं ओढल्यावर पळाला नसता? उलट बाजूनं किती जोर लावतोय तो?"

"दोन?"

"आता पाचनं ओढ."

"पाच! बाई, हा तर माझी नक्कल करतोय!"

"करू दे. कुठवर करतोय बघ."

आठावर माझा धीर सुटला. मी सरकू लागलो आणि काटा सहावर उतरला. बाई म्हणाल्या, "आठ ही त्याची कमाल. एकदा सुटला की सहाच. पण हलत नाही तोवर तू ओढशील तेवढंच."

परीक्षेच्या दिवशी शिपाईकाकांना माझी दया आली. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून त्यांनी मला आणि फळीला मेणाचे पॉलिश चोपडले. आयुष्यात प्रथमच मी चकाकलो, आणि खोटे कशाला सांगू, सुखावलो.

त्या मुलीचा नंबर आला. तिने ओढताच मी चारावर निसटलो. तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा ओढले, तरी चारच.

"आठ लिही गं," मैत्रीण कुजबुजली. "सगळ्यांनी सरावातलं तेच लिहिलंय. नसता शहाणपणा नको."

तिचे पेन कागदावर अडून राहिले. मग तिने चार लिहिले.

परीक्षकांच्या भुवया चढल्या. "बाकी सगळ्यांचं आठ, तुझंच कसं चार?"

"सर, चारालाच सुटला. तुम्ही ओढून बघा."

त्यांनी दोन न्यूटनने ओढले. मी जागीच राहिलो. "आता घर्षण किती?"

"दोन."

"चार नाही?"

"चार त्याची कमाल आहे, सर. दोनसाठी तो चार कशाला लावेल?"

त्यांनी जोर वाढवला आणि चारावर मी निसटलोच. त्यांनी माझ्या तळावरून बोट फिरवून वास घेतला. "याला काय फासलंय?"

"पॉलिश, साहेब!" शिपाईकाका पुढे झाले. "छान दिसतोय ना?"

"दिसतोय हो! पण घर्षणच पुसून टाकलंत की, काका!"

मुलगी उत्तीर्ण झाली. इतरांना पुन्हा ओढावे लागले. ओशाळलेल्या काकांनी काचपेपरने मला आणि फळीला पूर्ववत केले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा अवश्य राखा; परंतु ती वस्तू कोणते काम करते, हे आधी जाणून घ्या. माझी धूळ झटका, आकडी घट्ट करा, तळ मात्र खरखरीत राहू द्या.

शाळा सोडून पुढे शिकायला जाताना ती मुलगी प्रयोगशाळेत आली आणि तिने माझी आकडी बोटाने हळूच ओढली. मी हललो नाही. तिने जेवढे ओढले, तेवढेच मी तिला धरून राहिलो.

आपण सर्वांनी वाचण्याचे कष्ट घेतले, त्याबद्दल अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
हट्टी